बिनविचाराचा हात

शिंपीणबाई दोन महिने इस्पितळात होत्या. भाड्याचं दुकान बंद राहिलं, मशीनवर धूळ बसली. महिनाभर बंद असलेलं दुकान मालकाला परत, असा कायदा होता.

कोर्टात मालकाचा वकील म्हणाला, “साहेब, कायदा करणाऱ्यांनी पूर्ण विचार करूनच आजारपणाची सवलत ठेवलेली नाही.”

न्यायाधीश आधी याच कोर्टात वकील होते, मग आमदार झाले होते. ते शांतपणे म्हणाले, “विचार झालाच नव्हता. कायदा झाला तेव्हा मी विधानसभेत होतो. जेवणाची वेळ टळली होती, पोटात कावळे ओरडत होते. मतदानाला सगळ्यांत आधी हात मीच वर केला.”

“मग जेवण तरी बरं होतं का, दादा?” शिंपीणबाईंनी विचारलं.

“अळणी होतं,” ते म्हणाले आणि लेखनिकाकडे वळले. “माझ्या हाताचंही निकालात लिहा.”

दुकान बाईंकडेच राहिलं.