कोपरा उडालेला दात

बाई शिलाईच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची आणि रोज सकाळी, घरून निघण्याआधी, गळ्यातलं चांदीचं लॉकेट ओठांना लावायची. त्यात तिच्या धाकट्याचा दुधाचा दात होता. सदा गुणगुणायचा म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. सातव्या वर्षी तापाने गेला. दात त्याच आठवड्यात पडला होता. पोराच्या अंगाचं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच उरलं. नवऱ्याने सोनाराकडून तो लॉकेटात घालून, वरून डाग देऊन, म्हणजे सांधा झाळून, कायमचा बंद करून आणला. तळहाताच्या फोडासारखं जपलं हो तिने ते.

परवा तो डाग सुटला. थोरली लेक भेटायला आली होती, मायलेकी टेबलाशी बसल्या होत्या, आणि दात बाईच्या तळहातावर पडला. बाई बघतच राहिली. दाताचा कोपरा उडालेला होता.

आता तुम्ही म्हणाल, दात तो दात, त्यात ओळखायचं काय? अहो, आईला विचारा. थोरली लहानपणी नळावर आपटली तेव्हा तिच्या पुढच्या दुधाच्या दाताचा कोपरा उडाला होता, आणि रक्त पुसलं होतं ते याच बाईने. भुंग्याचा दात चांगला अख्खा होता.

नवरा पलीकडच्या खोलीत कुणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. दुरुस्तीचंच काम त्याचं. तिने दात त्याच्यापुढे धरला. आधी त्याने ऐकू न आल्याचं सोंग केलं, मग कबूल झाला. सोनाराकडे नेण्याआधी दात धुवायला गेला आणि तो हातातून निसटून बेसिनच्या भोकात गेला. उभ्या जन्मात एक स्क्रू न हरवलेला माणूस! तेव्हा तू अन्नाला शिवत नव्हतीस, म्हणाला, सांगितलं असतं तर तूही हाती लागली नसतीस.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? इतकी वर्षं जिवाशी धरला तो भुंगा नव्हताच. आणि हा माणूस शेजारी बसून तिचं वेडेपण बघत मुकाट जेवत होता. तिला त्याची शिसारी आली.

"हिचा दात तुमच्याकडे आला कुठून?" तिने विचारलं.

उत्तर दारातून थोरलीने दिलं. "मी दिला. पडल्यावर डबीत जपून ठेवला होता, बाबा रडत होते म्हणून दिला."

म्हणजे हीसुद्धा! बापलेक दोघं सामील, आणि मूर्ख ठरली ती एकटीच. बाई तरातरा खिडकीशी गेली आणि दात फेकायला तिने हात उचलला.

थोरली जागची हलली नाही. "भुंगा गेल्यावर तू मला कधी जवळ घेतलं नाहीस, आई. पण सकाळी लॉकेटाला ओठ लावायचीस, तेव्हा मला वाटायचं, मलाच लावतेस. फेकायचा तर फेक. फक्त आम्ही फसवलं म्हणून फेकतेस की माझा आहे म्हणून, तेवढं खरं सांग."

खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. त्या घराला खोट्याचं काय नवल? पण बाई या वेळी खोटं बोलली नाही. तिने हात खाली घेतला, तोवर थोरलीला उत्तर कळलं होतं: माझा आहे म्हणून.