म्हशीच्या डोक्यावरचा नाग

बेल्याच्या बाजारात त्या दिवशी भाजी कोणी घेईना. ज्याला त्याला गावच्या मठातल्या महाराजांचा फोटो हवा होता. फोटोत महाराजांच्या डोक्यावर, थेट आभाळातून, काळा नाग लोंबत होता. नमस्कार करून करून लोकांचे हात दुखले.

मालनबाई मात्र दुसराच फोटो घेऊन महाराजांपुढे धावल्या. लेक पंचफुलाचा फोटो मुधोळच्या पाहुण्यांना पाठवायचा होता आणि तिच्याही डोक्यावर तोच नाग. महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला, "दोष हाय, माय. लगीन केलं तं नवरा वाचत नाई. पोरगी मठात सेवेले ठेव, जलमभर."

"तुमच्या डोक्यावर तो देव, आन माह्या पोरीच्या डोक्यावर दोष काऊन?"

"नाग येकच, नजर येगळी."

गर्दीने माना डोलावल्या. पंचफुलाच्या बापाने, माणिकरावानेही डोलावली. मालनबाईंना त्या मानेचा भयंकर राग आला.

दोन्ही फोटो घेऊन त्या शाळेच्या आशाबाईंकडे गेल्या. बाईंनी ते एकावर एक ठेवून उन्हात धरले. नाग दोन्हींत त्याच जागी, तेवढाच लांब. मग दोघी ते दोन्ही फोटो काढणाऱ्या सुधाकर फोटोवाल्याकडे गेल्या.

"कॅमेरा ठेवता कसा?" बाईंनी विचारलं.

"इथली धूळ तुमाले ठाव हाय. म्हनून आतून-बाहेरून कापूस भरून ठेवतो. घरच्या वावरातला हाय, इकतचा नाई," सुधाकर अभिमानाने म्हणाला.

बाईंनी त्याला भर बाजारात एका म्हशीचे दोन फोटो काढायला लावले, एक नेहमीसारखा, दुसरा कॅमेरा उलटा धरून. संध्याकाळी सुधाकर दोन्ही फोटो धुवून घेऊन आला. पहिल्यात नाग म्हशीच्या डोक्यावर होता. दुसरा फोटो सरळ करून पाहिला, तर नाग तिच्या पायाखाली.

"आता हिले कोनत्या मठात ठेवता, महाराज?" मालनबाईंनी विचारलं. महाराजांनी म्हशीकडे पाठ फिरवली.

बाईंनी सर्वांसमोर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं. फिल्म बसते तिथल्या चौकटीच्या काठाला कापसाचा एक तंतू चिकटला होता. "हा आडवा आला की तेवढ्या जागी उजेड पोचत नाही, आणि फोटोत काळी रेघ उठते," त्या म्हणाल्या. धूळ उडवायच्या रबरी फुग्याने हवा मारून त्यांनी तो उडवला. "कॅमेऱ्यात कापूस भरू नका, सुधाकर. आणि तुम्ही सगळे, नवल दिसलं तर हात जोडण्याआधी ते आलं कुठून एवढं तरी विचारा. कोणी विचारलं नाही म्हणून या गावाची एक पोरगी जन्मभरासाठी मठात चालली होती."

माणिकराव खाली मान घालून उभा होता. मालनबाईंनी लेकीचा हात धरला आणि तिला नव्या फोटोसाठी कॅमेऱ्यासमोर बसवलं.