सात दिवसांची सायकल

सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर महिना. दिवाळी सरली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे रवाना झाल्या होत्या. त्या महिन्यातल्या एका बिनबाजाराच्या सकाळी, केज येथील बाजारतळालगत पंडितच्या सायकल-दुकानापुढे तीन सायकली भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या, आणि त्या तिन्हींकडे पाठ करून मंजुळाबाई पायरीवर बसल्या होत्या.

"मामी, एकदा बघा तरी," पंडित म्हणाला.

"मला काय बघायचंय? डागदरनं ह्यांला सांगितलंय, मला न्हाई."

"पैसे तुमच्या कमरेला हायेत, म्हनून म्हनलं."

"पैसे माझ्या शेळ्यांचे हायेत. कमरेला हायेत तर बरं हायेत."

त्यांचे पती आश्रुबा शेजारी उभे होते. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर राखणदार म्हणून वर्षानुवर्षे खुर्चीत बसल्याने त्यांचे शरीर जड झाले होते, रक्तातली साखर वाढली होती, आणि गुडघे असे धरले होते की चालण्याचा व्यायाम म्हणजे शिक्षाच. तरुण डॉक्टरने सायकल चालवण्यास सांगितले. "पूर्वीची सवय असली तर फारच उत्तम," असेही तो म्हणाला. ती सवय कोणत्या जातीची होती, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

"हे बघा मामा," पंडितने पहिल्या सायकलीच्या सीटवर थाप मारली. "ही काळी. दूधवाले नेतेत. मरायची न्हाई; पन चढाला तुमालाच मारंल. ही दुसरी पोरांची. फुडं शॉकअप, रुंद टायर. एवढ्या पैशातला शॉकअप म्हंजी नुस्ता शोभेला. वजन तेवढं वढायचं. आन् ही रेसर."

"हिचं हँडल वाकडं कावून?"

"वाकून धरायला. तुमी वरून धरा, तसंबी धरता येतंय. अंबाजोगाईच्या एका मास्तरची हाय, वापरलेली. नवी तुमाला घ्यायला परवडायची न्हाई आन् मला ठेवायला. फ्रेम तुमच्या उंचीची हाय, चेन नवी टाकलीय. डांबरीवर तब्येतीसाठी चालवायची तर हीच. मारा एक चक्कर."

आश्रुबांनी पत्नीकडे पाहिले. मंजुळाबाईंनी पाहिले नाही.

ते सायकलीवर बसले आणि रिकाम्या बाजारतळावर गेले. आणि तेथे जे घडले त्याचा त्यांनी विचार केला होता असे मुळीच म्हणता येणार नाही. सायकल आपोआप डावीकडे वळली, वळतच राहिली, आणि तिने एक वाटोळे रिंगण धरले.

ऐन तारुण्यात आश्रुबा सात दिवसांचे सायकलवाले होते. गावोगावी मोकळ्या जागेत बांबू रोवून, दोर बांधून, भोंगा लावून ते रिंगणात उतरत, आणि सात दिवस सायकलीवरून खाली येत नसत. जेवण, अंघोळ, दाढी, सारे फिरत्या सायकलीवर. लोक त्यांच्या सदऱ्याला नोटा टाचत. नियम एकच होता: पाय जमिनीला टेकता कामा नये.

रिंगण लहान होत गेले. हाताची ओढच तशी होती. परंतु रेसरचे पुढचे चाक पायडलाच्या फार जवळ असते. तीव्र वळणावर ते बुटाच्या टोकाला घासले आणि सायकल अडली. दुसरा कोणीही पाय टेकवून सावरला असता. आश्रुबांनी पाय टेकवला नाही. ते सायकलीसकट आडवे झाले.

"आरं बापरे!" पंडित धावला. "मामा, पाय तरी टेकवायचा की!"

"लागलं न्हाई," आश्रुबा धूळ झाडत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पडतेत, पन पाय टेकवत न्हाईत," मंजुळाबाई पायरीवरूनच म्हणाल्या. "चला घरी. माझ्या दारात सायकल येनार न्हाई."

"मामी, ह्यात सायकलीचा दोष न्हाई. ही गोल फिरायची न्हाईच. मामा, कोनच्याबी रस्त्यानं जा, पन सरळ जा."

आश्रुबा गेले. बराच वेळ झाला तरी ते परतले नाहीत. पंडितने चहा मागवला.

"तुमचा एवढा राग कावून हाय?" त्याने विचारले.

मंजुळाबाईंनी बशीत चहा ओतला. "माझा बाप वारला तवा हे तलवाड्यात सायकलीवर होते. पाचवा दिवस. माझ्या म्हायेराहून, नांदूरघाटहून, सांगावा आला. मी दोराला धरून हुबी. हे येतेत, मी अर्धं सांगते, तवर फुडं जातेत. परत येतेत, परत सांगते. असं फेरी फेरीनं सगळं सांगून झालं."

"मंग?"

"'तू हो फुडं,' म्हनले. पुढल्या फेरीला म्हनले, 'मी आलोच.'"

"आले?"

"मातीला न्हाईत, राख सावडायला न्हाईत. खेळ संपल्यावर आले."

याला कोणी निष्ठुरपणा म्हणेल. तो अन्याय होईल. पाचव्या दिवशी पाय टेकला असता तर टाचलेल्या नोटा गावाने उतरवून घेतल्या असत्या आणि पुढच्या गावाने बोलावले नसते. घर त्यावरच चालत होते. परंतु कारण न्याय्य असले म्हणजे दुःख हलके होते, हेही खरे नाही.

ऊन चढल्यावर रेसर परत आली. आश्रुबा घामाने निथळत होते. सायकल मंजुळाबाईंसमोर मंदावली, आणि त्यांनी डावा पाय सावकाश जमिनीवर टेकवला.

"एवढा येळ?" त्या म्हणाल्या.

"पुलापतोर गेलतो. वारं समोरून. दम लागला, मंग उतरलो."

"उतरलात?"

"उतरलो. कठड्यावर बसलो घटकाभर. वळवाया भ्या वाटलं, म्हनून उचलून फिरवली."

"कंच्या रस्त्याला गेलता?"

आश्रुबांनी हँडलवरचा घाम हाताने पुसला. "नांदूरघाटच्या."

पंडित उगाच चेनीकडे पाहत राहिला. मंजुळाबाईंनी बशी पायरीवर ठेवली, गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या, आणि कमरेची पिशवी सोडली.

"हीच द्या," त्या पंडितला म्हणाल्या. "हिच्यावरनं उतरतेत हे."