झाकून ठेवलेलं फिंजान

"फिंजान उजव्या हातात घ्यायचं, वीणाताई. आधी प्यायचं. पुरे झालं की असं जरा हलवायचं, मग काय ते बोलायचं. न पिता खाली तेवढं ठेवायचं नाही हां!"

रुकय्याने हे पंधरा दिवसांपूर्वी वीणाच्या ओट्यापाशी उभं राहून, आमटीच्या वाटीचं फिंजान, म्हणजे अरबी कॉफीचा, कहव्याचा इवला पेला, करून शिकवलं होतं. का ठेवायचं नाही, ते सांगायच्या आत खाली तिला न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला आणि ती पळाली.

रुकय्या मूळची हर्णैची. इथे आखातात, बनेद अल-गार वस्तीत, वीणाच्याच इमारतीत नवऱ्यासोबत राहायची. जवळच्याच दस्मान भागात उम्म फहद या अरब म्हातारबाईंच्या घरी आल्यागेल्याला कहवा ओतायचं काम अकरा वर्षं तिच्याकडे होतं. गावी लेकीचे, फरहीनचे, दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. पण सुट्टी कधी ईदनंतर, कधी घरातल्या लग्नानंतर, अशी पुढेच सरकत होती, आणि रुकय्याची मागायला जीभ उचलत नव्हती.

"मी बोलते त्यांच्याशी," वीणाने शब्द दिला होता.

भेटीसाठी बुधवार ठरला होता. पण रविवारी कळलं की उम्म फहद मंगळवारीच दोन महिन्यांसाठी लंडनला निघाल्यात. हाती उरला सोमवार. आणि सोमवार वीणाचा नव्हता, महादेवाचा होता. सोळा सोमवारांतला हा चौदावा. संध्याकाळी पूजा करून दिवा लावेपर्यंत ती पाण्याचा थेंबही घेत नसे. बोलण्याने काही उपास मोडत नाही, असं मनाशी म्हणून ती निघाली. त्या घरात कहवा ओतल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारी चार वाजता ती उम्म फहद यांच्या दिवाणखान्यात बसली होती. आणखी दोघी पाहुण्या होत्या. डाव्या हातात लांब चोचीची पितळी किटली, उजव्या हातात एकात एक घातलेली फिंजानं किणकिणवत रुकय्या आली. बिनकानाचं, सोनेरी काठाचं, मुठीत मावेल एवढं फिंजान तिने वीणापुढे धरलं. तळाशी दोन घोट पिवळसर कहवा. वेलचीचा वास थेट कोरड्या घशात उतरला. पी, असं रुकय्याचे डोळे सांगत होते.

वीणाने फिंजान हळूच समोरच्या मेजावर ठेवलं.

दोघी पाहुण्या वळून बघू लागल्या. रुकय्याचा चेहरा उतरला.

"आमचा कहवा कडू लागतो वाटतं बाईंना!" एक पाहुणी हसली.

उम्म फहदनी हात वर करून तिला गप्प केलं. त्यांचे वडील मोत्यांचे व्यापारी. लहानपण मुंबईत गेल्याने त्यांना हिंदी छान यायचं. "बोल, काय हवंय तुला?"

वीणा गोंधळली.

"पाहुणा कहवा न पिता ठेवतो, तेव्हा तो मागायला आलेला असतो. ही आमची जुनी रीत. म्हणून विचारते."

आयतीच वाट मिळाली होती. पण वीणाला ती तशी घेववेना. "मागायला आलेय, हे खरं," ती म्हणाली. "पण फिंजान ठेवलं ते माझा उपास आहे म्हणून. मला तुमची रीत ठाऊक नव्हती."

"बरं. आता ठाऊक झाली. माग."

"रुकय्याला या आठवड्यात घरी जाऊ द्या. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आहे."

उम्म फहदनी रुकय्याकडे मान वळवली. "अकरा वर्षं समोर उभी असतेस. तुला तोंड नव्हतं?"

"होतं, अम्मा. पण हात भरलेले असायचे."

म्हातारीने तिच्या हातांतल्या किटलीकडे, फिंजानांकडे पाहिलं. मग वीणाला म्हणाली, "दिली सुट्टी. पी आता. तू पीत नाहीस तोवर माझा शब्द अर्धाच."

"दिवा लावल्याशिवाय मला नाही पिता येणार."

"दोनच घोट गो, बाय माझे," रुकय्या काकुळतीला येऊन मराठीत पुटपुटली. "देव काय रागवायचा नाय."

तो रागावणार नाही, हे वीणालाही माहीत होतं. पण सोळा सोमवारांचा शब्द तिने दिला होता, तो पाळायचा की नाही हा प्रश्न तिचा होता. ती हात जोडून उम्म फहदना म्हणाली, "दिवा लावते आणि आजच परत येते. तोवर हे असंच ठेवाल?"

"रोजा आहे, तर दारातच सांगायचं की गं मुली!" उम्म फहद हसल्या. "रुकय्या, बशी आण. झाक ते."

"मग नवीन ओतू?"

"हेच पिईल ती. गार तर गार. आणि ऐक गं, इशाची, रात्रीची नमाज झाली की मी निजते. वाट बघणार नाही."

सूर्य मावळल्यावर वीणाने पूजा केली, दिवा लावला, तीर्थ घेतलं. चुरम्याचा प्रसाद डबीत भरला. तिचा नवरा सुभाष नुकताच बँकेतून आला होता.

"अगं, आधी खाऊन तरी घे! गाडी काढू का?"

"नको. जवळच तर आहे. आल्यावर एकत्र जेवू."

तिने डबी पर्समध्ये ठेवली, चपला घातल्या, दिव्याला वारा लागू नये म्हणून दार हलकेच ओढून घेतलं, आणि ती दस्मानच्या दिशेने चालू लागली.