अकरावर धरलेलं स्टिअरिंग

मी एक जुनी मोटार आहे. रंग पांढरा, असं माझ्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. वाचल्याशिवाय कळत नाही. मित्रांनो, बावीस वर्षांपूर्वी मी फैजपूरला जीवराम नानांच्या अंगणात आले. नारळ फुटला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं आणि नानांनी मला मळ्यात नेऊन त्यांची केळीबाग दाखवली. बागेला मला दाखवलं, असंही म्हणता येईल.

पहिली पंधरा वर्षं मी सरळ चालले. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सरळ चालणाऱ्याचं कौतुक होत नाही, हे तुम्हाला शाळेत कळलंच असेल.

मग माझा डावा टायरॉड एंड झिजला. नाव मोठं असलं तरी वस्तू मुठीएवढी. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडतो, तिथे वाटीत बसवलेली लोखंडी गोळी असते आणि तिच्यावर रबराची टोपी. टोपी फाटली की आत धूळ जाते, गोळी ढिली पडते आणि चाक मनाला येईल तिकडे बघत बसतं. पुढच्या प्रत्येक चाकाला असा एक, म्हणजे दोन.

जळगावच्या गॅरेजात भाईदास मिस्तरी नानांना समजावत होता. भाईदास मूळ धुळ्याकडचा.

"नाना, दोन्ही बदली टाका. एक टाकीसन काही फायदा नई शे."

"उजवा चालतो ना?"

"चालस, पन..."

"मंग राहू दे. आमची केळी पाहिली का कधी? घड कापला का बुडाशी एक पील ठेवतो आमी. जुन्या खोडाच्या आधारानं नवं पील उभं राहतं. सगळंच एकदम काढलं तर वावर उघडं पडते."

मी केळ नाही, हे सांगायला मला तोंड नव्हतं. हॉर्न होता. तो मी वाजवला. नानांनी हॉर्नची वायर काढायला लावली.

तेव्हापासून सात वर्षं माझी पिलबाग चालू होती. डावा नवा तेव्हा उजवा जुना. उजवा नवा होईतो डावा जुना. बरं, निवड तरी नीट करावी? नाना दुकानात दोन-तीन खोकी उघडायचे, गोळी बोटानं फिरवायचे आणि जी लोण्यासारखी फिरेल ती उचलायचे. मित्रांनो, नवी गोळी घट्ट असते. जी दुकानातच गरगर फिरते, ती रस्त्यावर काय दिवे लावणार? नवा भाग बसवल्यावर चाकांची रेघ जुळवून घ्यायची असते. नाना दर वेळी म्हणाले, रेघ पुढच्या खेपेला.

शेवटी मी उजवीकडे ओढू लागले. नानांनी त्यावरही तोड काढली. स्टिअरिंगची वरची खूण घड्याळातल्या बारावर न ठेवता अकरावर ठेवायची, की गाडी नाकासमोर. "आपली गाडी अकराची हाये," असं ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

त्यांची मुलगी ज्योत्स्ना माझ्यावरच शिकली. अकरावर.

तिला नरडाण्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली. राहणार धुळ्याला, पाळी सकाळी सहाची, त्या वेळी पोचायला दुसरं साधन नाही. एक तारखेला तिच्याकडे परवाना हवा आणि गाडी हवी. नाहीतर नोकरी दुसऱ्याला आणि मी भंगारवाल्याला. तो दोनदा येऊन माझ्या टायरांना लाथ मारून गेला होता.

परवान्याची परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत होती. ती गाडी सरळ. ज्योत्स्नानं सवयीनं अकरावर धरलं आणि डावीकडचे तिन्ही खांब एकामागोमाग आडवे केले.

"ताई, रस्ता सरळ आहे," परीक्षक म्हणाले.

"हो ना साहेब. म्हणून तर डावीकडे धरलंय."

नापास. एक तारखेला दहा दिवस होते.

घरी येऊन ती नानांसमोर उभी राहिली. "नाना, पिलाला खोडाचा आधार असतो, कबूल. पण खोडच सडकं असलं तर?"

नाना उठले आणि मला जळगावला घेऊन गेले. अकरावर धरूनच.

"दोन्ही टाक," ते भाईदासला म्हणाले, दाढ काढायला सांगावी तसे.

भाईदासनं निवडले ते दोन एंड बोटानं हलेनात. रबरी टोप्या मऊ, कुठे चीर नाही. नाना बघत होते. "हे तं फिरतच नाही."

"म्हनीसनच चांगला शेतस, नाना."

त्यानं रेघ जुळवली आणि न सांगता हॉर्नची वायरही जोडली. नानांनी ऐटीत मला फैजपूरला आणलं. अंगणात वळताना हात आपोआप अकरावर गेले आणि मी केळीच्या खोडांच्या ढिगात शिरले. सरळ झाल्याचं ते माझं पहिलं बक्षीस.

ज्योत्स्ना आठ दिवस बारावर धरायला शिकली. आठव्या दिवशी परीक्षा पास झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही धुळ्याला निघालो, नाना शेजारी. पारोळा मागे पडलं, रस्ता नाकासमोर होता, तरी नानांचे हात मांडीवर अधांतरी डावीकडे कललेले.

"नाना, हात सोडा."

"मी कुठं धरलं हाये?"

धुळ्यात खोलीसमोर उतरल्यावर त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. काच पुसली, टायर दाबून पाहिले. डोळे भरून आले असावेत, कारण ते वायपरशी बोलल्यासारखे बोलले. "डावा वायपर गेला हाये, माय. तेवढा टाकून घे. उजवा चालतो अजून."

तेव्हा मी हॉर्न वाजवला. लांबलचक. ज्योत्स्ना चार हात दूर उभी होती, हे मी शपथेवर सांगते.

"ऐकलंत ना, नाना?" ती म्हणाली. "दोन्ही टाकते."

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी म्हातारी गाडी असेल. ती एका बाजूला ओढत असेल, तर तिची सवय करून घेऊ नका. तिच्या खाली वाकून बघा. आणि तिचा हॉर्न मात्र कोणाला काढू देऊ नका.