दीड इंची स्क्रू

सुताराच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय!" म्हणत शेजारी हसायचे आणि सुतारही हसण्यावारी न्यायचा. खरं कारण घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मुलगा नशेची सुई टोचून बाथरूममध्ये निपचित पडला होता. वाचला तो केवळ दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून. त्याच दिवशी सुताराने घरातल्या सगळ्या कड्या उपसून काढल्या. आंघोळीला गेलं की दारावर टॉवेल टाकायचा, हा घरचा कायदा झाला.

मुलगा सात महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून परतला. अंग भरलं होतं, कामालाही लागला होता. एक दिवस जेवताना मान खाली घालून म्हणाला, "बाबा, सव्वीस वर्षांचा झालो मी. बाथरूमला तेवढी कडी लावाल? तुम्ही दाराबाहेर घुटमळत असता, आत सगळं कळतं मला."

सुताराने हातातला घास ताटात ठेवला. "उद्या लावतो," तो म्हणाला.

सकाळी बायकोने त्याच्या हातात बारक्या स्क्रूंची पुडी ठेवली. "अहो, कडी लावा, पण या स्क्रूंवर. खांदा मारला की निघून आली पाहिजे. त्याला कळायचंही नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि बारके स्क्रूच लावले. मुलगा शेजारी उभा राहून बघत होता. त्याने कडी ओढून पाहिली.

"हलतेय का हो, बाबा?"

पस्तीस वर्षांत सुताराच्या कामाबद्दल कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. आणि विचारला कोणी, तर पोटच्या पोराने! त्याच्यासमोर लबाडी करायला हात धजेना. त्याने बारके स्क्रू काढले, दीड इंची घेतले आणि पार आवळले. "आता हत्ती बांध हिला!"

मुलगा हसला. कितीतरी दिवसांनी हसला. सुताराने बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

अठरा दिवस बरे गेले. एकोणिसाव्या सकाळी बाथरूममधलं पाणी वाहतच राहिलं. बायकोने दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

"अहो, खांदा मारा!" तिच्या आवाजात घाई होती, घाबरेपणा नव्हता. एका धक्क्यात दार उघडणार, हे तिने गृहीतच धरलं होतं.

सुताराने धडक दिली. दार जागचं हललं नाही. दुसरी दिली, तिसरी दिली, खांदा सोलून निघाला. हत्यारांची पिशवी दुसऱ्याच्या घरी, कामावर होती. बायको ओरडू लागली तसा वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर पहार घेऊन धावत आला. फळी फुटेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली.

मुलगा भिंतीला टेकून बसला होता. अंग थंडगार पडलं होतं.

ड्रायव्हरने घाम पुसला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "फळी फुटली, पण कडी नाही सुटली. पक्कं काम आहे हो तुमचं."

मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोने वर पाहिलं. "कुठले स्क्रू लावले होते?"

"दीड इंची." सुतार ओल्या फरशीवर तिच्याजवळ बसला. "तो बघत उभा होता गं."

ती टॉवेल ओढून मुलाचे ओले केस पुसू लागली.