अकरा ते बारा

या, असे जवळ सरका. लाउडस्पीकरवर सांगायची ही गोष्ट नाही. आमच्या गावात नळाला पाणी सोडणाऱ्या शहादेवची आहे. आयुष्यभर कीर्तनं ऐकून माझे कान तृप्त झाले, पण हा माणूस अजून कुठल्याच बुवांच्या तोंडी आला नाही. तेव्हा माझ्यासारख्या निवृत्त मास्तरानं सांगावं, तुम्ही ऐकावं.

एकवीस सालचा मे महिना. चौसाळ्याहून आत आमचं गाव. निम्मं गाव तापानं फणफणलेलं, देवळाला कुलूप, सप्ताह बंद. मी पॉझिटिव्ह निघालो आणि माडीवर एकटा पडलो.

धीर देणारे मेसेज मात्र गारांसारखे पडत होते. सकाळी सहाला पहिला यायचा तो आमच्या भागाचे नेते अमरसिंहदादा यांच्या कार्यालयातून. ‘खचू नका! दादा तुमच्या पाठीशी आहेत.’ दुपारी ‘हसत राहा’, संध्याकाळी ‘दादांचा आधार, चिंता हद्दपार’. पाठीशी म्हणजे नेमके कुठे ते विचारू नका. दोन महिने दादांचं नखसुद्धा गावात कुणाला दिसलं नव्हतं. प्रत्येक मेसेजात दादांचं नाव तीनदा, आजाऱ्याचं एकदाही नाही. आणि आमचे लोक तरी काय! तेच मेसेज गुलाबाची फुलं लावून एकमेकांना ढकलत बसायचे. शेजारी कोण कण्हतंय ते बघायला कुणी उठत नव्हतं. मी वैतागून मेसेजचा आवाजच बंद करून टाकला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शहादेवचे मेसेज निराळे असत. ‘उद्या वरल्या गल्लीला सातला पाणी. भांडी भरून ठेवा.’ संपलं. तीच अक्कल त्यानं सप्ताहाला लावली. वीस वर्षं सप्ताहातल्या वीणेच्या पहाऱ्याची यादी तोच लिहायचा. सात दिवस, सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. त्यात रात्री दोन ते चारची पाळी कुणाला नको असे. ती शहादेव स्वतःच्या नावावर टाकी.

त्या साली त्यानं जो जिथे अडकलाय तिथेच पहारा दिला. कुणी शाळेच्या खोलीत, कुणी शेतातल्या शेडात. मेसेज यायचा, ‘वीणा तुमच्याकडे. नऊ ते दहा. पुढच्याचा ‘घेतली’ असा मेसेज आल्याबिगर सोडू नका.’ फोन हीच वीणा; तासभर तो हातात धरून नाव घ्यायचं. उभं राहवत असेल त्यानं उभं राहायचं.

आता छबुबाई. तानाजीची बायको. तानाजीला अंबाजोगाईला नेलं आणि तिकडेच तो गेला. जाळलाही तिकडेच. ही बाई पॉझिटिव्ह, शेतातल्या शेडात एकटी. घरात साधा फोन एकच, तानाजीच्या नावावरचा, तो हिच्यापाशी राहिलेला. तिसऱ्या दिवशी त्यावर दादांचा मेसेज आला. ‘अभिनंदन तानाजीराव! आपण कोरोनाला हरवलंत. दादांचा आपल्याला सलाम.’

कुण्या पगारी पोरानं यादी न बघता बटण दाबलं असणार. लाज वाटावी म्हणून सांगतोय, पण ज्यांना वाटायला हवी त्यांच्यापर्यंत हे पोचत नाही.

पुण्याहून तानाजीच्या लेकीनं, योगितानं शहादेवला फोन केला. “काका, आई नीट बोलंना. इहिरीला औंदा लई पाणी हाय म्हणती. तिला कवा पडलं होतं पाण्याचं?”

शहादेव पाण्याचा माणूस, त्याला ते कळलं. त्यानं त्याच दिवशी यादीत नाव घातलं. छबुबाई, अकरा ते बारा. त्यापुढे बारा ते एक, मी.

झालं! सप्ताहाचे पुढारी अर्जुनराव ग्रुपवर कडाडले. “अरे शहादेव, बुद्धी गेली का बे? सुतकातल्या बाईच्या हाती वीणा? चौदा पिढ्यांत असं झालं न्हाई!”

हे अर्जुनराव तानाजीच्या घरावरून जायला नको म्हणून दोन गल्ल्यांचा वळसा घालत होते. शहादेवनं उत्तर दिलं, ‘अण्णा, फोनला सुतक नसतंय. उद्या खालच्या गल्लीला पाणी सातला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला छबुबाईला वीणा गेली. बारा वाजता मी ‘घेतली’ लिहायचं होतं. आणि हा भगवद्भक्त काय करत होता? कानात इयरफोनची बोंडं घालून मोबाइलवर कीर्तन ऐकत होता. बुवा भूतदयेवर बोलत होते. माझे डोळे भरून आले होते. मेसेजचा आवाज बंद, घड्याळाकडे पाठ. भक्तीत असा बुडालो की एक बाई माझ्या एका शब्दासाठी उभी आहे हे विसरलो, आणि तसाच झोपून गेलो.

एक वाजता शहादेव डबा घेऊन तिच्या शेताच्या बांधावर गेला. लिंबाखाली छबुबाई उभी होती. फोन दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. वीस पावलांवर विहीर.

“वहिनी, बसा की. एक वाजून गेला.”

“घेतली आलं न्हाई.”

“मास्तर झोपले असतील. द्या, मी घेतो.”

“तुमची पाळी हाय का ही?”

“न्हाई.”

“मग? यादी तुमीच लावली ना, भावजी?”

डबा फांदीला अडकवून शहादेव मागे सरला.

“तापातून उठलात. पाय दुखतील.”

“दुखू द्या. सोडू नका म्हणून लिवलंय तुमी. हे गळ्यात हाय तवर उभी हाय. गेलं की बघते काय करायचं ते.”

आणि तिनं विहिरीकडे पाहिलं.

शहादेवच्या खिशात फोन होता. मला एक हाक मारली असती तर मी दचकून ‘घेतली’ लिहून टाकलं असतं. त्यानं फोन काढला नाही. तोही बांधावर उभा राहिला. तिनं नाव घ्यावं, यानं पलीकडून ओढावं, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. दोन वाजले, तीन वाजले. लिंबाची सावली सरकली तशी ती सरकली, पण बसली नाही. मधे एकदा रडली. शहादेव सांगायचा, तानाजी गेल्यापासून तिचं ते पहिलं रडणं. नाव तेवढ्यापुरतं यानं एकट्यानं चालवलं.

पावणेचारला मला जाग आली. घामाघूम होऊन मी लिहिलं, ‘घेतली.’

तिकडे फोन वाजला. छबुबाईनं वाचलं, कपाळाला लावला. शहादेव बांध ओलांडून आत आला, तिच्या नि विहिरीच्या मधे. बाई खाली बसली ती मांडी घालूनच.

“भावजी, पायांचे पार गोळे झाले,” ती म्हणाली. “डब्यात भाकर हाय का?”

संध्याकाळी शहादेवचा फोन आला. शिव्या खायच्या तयारीनं मी उचलला. तो म्हणाला, “मास्तर, उशीर केला ते बरं केलं.” मग त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटलं असेल मला हलकं वाटेल. माझ्या झोपेला त्यानं पुण्य म्हटलं तरी मी ते घेणार नाही. ती झोप होती.

पुढे दादांचा सत्कार झाला. अकरा लाख मेसेज पाठवून जिल्ह्याचं मनोबल उंचावलं म्हणून. प्रास्ताविक अर्जुनरावांनी केलं. त्या दिवशी खुर्च्या पुसायला आणि पाण्याचे जार भरायला शहादेव होता.

मागल्या वर्षी तो गेला. दुपारी जेवून आडवा झाला, उठला नाही. दोन दिवस गावाला पाणी आलं नाही, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

पहाऱ्याची यादी आता फ्लेक्सवर छापतात, वर दादांचा हसरा फोटो. बायकांचं एकही नाव नाही. पण सप्ताहात रोज सकाळी अकराला छबुबाई येते, मंडपाबाहेर चपला काढते आणि उभी राहते. तोच जुना फोन दोन्ही हातांनी छातीशी. आत मी टाळ धरून बसलेला असतो, पण नजर घड्याळावर. बाराच्या ठोक्याला टाळ खाली ठेवतो आणि लिहितो, ‘घेतली.’ ती वाचते, कपाळाला लावते, मंडपाला नमस्कार करून भाकरी करायला घरी जाते.

एवढंच मागणं आहे. उद्या पहाटे दोनला तुमच्या गावच्या सप्ताहात कुणी डोळे चोळत वीणा गळ्यात घालेल, तेव्हा झोपेतून कूस बदलता बदलता शहादेवला एकदा आठवा.